'आरोग्यपेय' नावाची संज्ञा : पोषणपूरक पेयांच्या भाषेची चिकित्सा

सारांश

दुधात मिसळून घ्यावयाच्या माल्टयुक्त भुकट्या आणि प्रथिनांच्या भुकट्या यांना मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आहारात गेल्या काही दशकांत जवळजवळ अन्नाचे स्थान प्राप्त झाले आहे. हे स्थान त्यांना पोषणशास्त्राने दिले की भाषेने, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. 'आरोग्यपेय', 'पूरक', 'ऊर्जा' आणि 'शक्ती' या शब्दांचा जाहिरातीतील व वेष्टनावरील वापर, त्यामागील कायद्याची चौकट आणि मराठवाड्याचा कुपोषणनिर्मूलनाचा अनुभव यांच्या आधारे ही चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : पोषणपूरक पेये, जाहिरातभाषा, माल्ट, सत्त्व, कुपोषण, मराठवाडा.

प्रास्ताविक

आहार हा आरोग्यशास्त्राचा विषय आणि भाषा हा साहित्याच्या अभ्यासकांचा विषय, अशी वाटणी आपल्या महाविद्यालयांत रूढ आहे. परंतु खाद्यपदार्थ बाजारात येतो तेव्हा तो नाव, वर्णन आणि आश्वासन घेऊन येतो. ग्राहक पदार्थ चाखण्याआधी त्याचे वर्णन वाचतो, आणि पुष्कळदा वर्णनच विकत घेतो. म्हणून डब्यावरील मजकूर ही एक संहिता आहे आणि तिची समीक्षा होऊ शकते, या भूमिकेतून हा लेख लिहिला आहे.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे शिक्षणाचे आणि औद्योगिक वसाहतींचे शहर आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून विद्यार्थी येथे येतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारे, व्यायामशाळेत जाणारे आणि खानावळीच्या डब्यावर दिवस काढणारे तरुण आपल्या वर्गांत बसलेले असतात. घरून येणाऱ्या मोजक्या पैशांतून प्रथिनांच्या भुकटीचा डबा घेणारा विद्यार्थी आता अपवाद राहिलेला नाही. दुसरीकडे, लहान मुलाला दुधात भुकटी घालून न दिल्यास आपण त्याच्या वाढीत काही उणे ठेवतो आहोत, ही भावना अल्प उत्पन्नाच्या घरांतही पोहोचली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के बालके कमी वजनाची आढळली. सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटात रक्तक्षयाचे प्रमाण ६८.९ टक्के होते. उणीव खरी आहे. ती भरून काढण्याचा जो मार्ग या कुटुंबांना दाखविला जातो, तो खरा आहे काय, हे मात्र तपासले पाहिजे.

संज्ञेचा प्रवास : रुग्णान्न ते आरोग्यपेय

माल्टयुक्त पेयांचा उगम रुग्णाच्या व तान्ह्या बाळाच्या आहारात आहे. जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या बंधूंनी १८७३ साली अमेरिकेत या धंद्याला प्रारंभ केला, तो मुळात अशक्त माणसे आणि बालके यांना पचेल असे अन्न म्हणून. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश हिंदी सैन्यातून परतलेल्या सैनिकांबरोबर हे पेय भारतात रुजले, असे त्याच्या इतिहासात सांगितले जाते. बोर्नव्हिटा भारतात १९४८ साली आले. त्या पिढीतील घरांत असा डबा बहुधा आजारपणात किंवा बाळंतपणात येई. आजारी माणसाला भेटायला जाताना फळांबरोबर नेण्याची ती वस्तू होती.

पुढील काळात या पेयाने रुग्णशय्या सोडली आणि शाळकरी मुलाच्या टेबलावर जागा घेतली. त्यासाठी निरोगी मुलाचेही काहीतरी कमी पडते आहे, हे पालकांना पटवावे लागले. १९७२ साली आकाशवाणीवर सुरू झालेली आणि नव्वदच्या दशकात दूरचित्रवाणीवर आलेली बोर्नव्हिटा प्रश्नमंजूषा ही या पालटाची महत्त्वाची खूण होय. पेयाचे नाव बुद्धिमत्तेशी जोडले गेले. कपिल देव आणि सचिन तेंडुलकर यांच्या मुखातून बूस्ट हे 'ऊर्जेचे रहस्य' ठरले व मैदानाशी जोडले गेले. कॉम्प्लानने उंचीला हात घातला. बुद्धी, बळ आणि उंची या तिन्ही आकांक्षांची अशी वाटणी पूर्ण झाली. १९९१ नंतरच्या उदारीकरणाने आणि घरोघर पोहोचलेल्या दूरचित्रवाणीने या संहितेला सर्वदूर वाचक मिळवून दिले.

या सगळ्यांना एकत्र बांधणारी संज्ञा म्हणजे 'हेल्थ ड्रिंक', मराठीत 'आरोग्यपेय'. ही संज्ञा कायद्यात कोठेही नव्हती, हे अनेक दशके कोणाच्या ध्यानी आले नाही. एप्रिल २०२३ मध्ये समाजमाध्यमावरील एका चित्रफितीने बोर्नव्हिटातील साखरेचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर ती चित्रफीत मागे घेतली गेली. तथापि राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे विचारणा केली. पुढे एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले की, दुग्ध, तृणधान्य वा माल्ट यांवर आधारित पेयमिश्रणे 'हेल्थ ड्रिंक' अथवा 'एनर्जी ड्रिंक' या वर्गात दाखवू नयेत. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानेही १० एप्रिल २०२४ रोजी तशीच सूचना दिली. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ मध्ये 'हेल्थ ड्रिंक' या संज्ञेची व्याख्याच नाही, हा त्यामागील आधार होता. त्याच महिन्यात हॉर्लिक्स व बूस्ट यांची मालकी असलेल्या हिंदुस्थान युनिलिव्हरने आपल्या या विभागाचे नाव बदलून 'फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स' असे केले.

या घटनाक्रमाचा अर्थ भाषेच्या अभ्यासकाने नीट लावला पाहिजे. भुकटी तीच राहिली, डबाही तोच राहिला. केवळ एक विशेषण गेले. ज्या विशेषणावर तीन पिढ्यांनी विश्वास ठेवला, त्याला वस्तूत काही आधार होता की ते केवळ लावलेले लेबल होते, हा प्रश्न त्या विशेषणाच्या जाण्याने आपोआप उपस्थित झाला.

'पूरक' म्हणजे काय?

मराठी व्याकरणात 'विधानपूरक' ही संज्ञा आपण शिकवतो. 'तो शिक्षक झाला' या वाक्यात 'शिक्षक' हे विधानपूरक होय. कर्ता आणि क्रियापद असतील तरच त्याला अर्थ. एकट्या पूरकाने वाक्य होत नाही. आहारातील पूरकाचेही असेच आहे. पूरक ही संकल्पना दोन गोष्टी गृहीत धरते : एक, मूळ आहार अस्तित्वात आहे, दोन, त्यात निश्चित अशी उणीव आहे. उणीव कोणती, किती आणि कशामुळे, हे ठरविल्याशिवाय पूरक ठरविता येत नाही.

जाहिरातीच्या भाषेत मात्र पूरकाने हळूहळू कर्त्याची जागा घेतली आहे. मूल भाजी खात नाही, डाळीला तोंड लावत नाही, तर काळजी नको, दुधात दोन चमचे घाला, असे आश्वासन मिळते. येथे पूरक हे पर्याय बनते. पर्याय मिळाला की मूळ आहार सुधारण्याची निकड संपते. गोड, चॉकलेटच्या चवीच्या पेयाची सवय लागलेले मूल साध्या दुधाला नकार देऊ लागते, हा अनेक घरांचा अनुभव आहे. म्हणजे उणीव भरण्यासाठी आणलेली वस्तू नवी उणीव निर्माण करू शकते.

येथे एक भेद नोंदविणे आवश्यक आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडीतून मिळणाऱ्या आहारालाही 'पूरक पोषण आहार' असेच म्हणतात, आणि सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधाबरोबर जे घरचे अन्न सुरू करतात त्यालाही 'पूरक आहार' म्हणतात. एकच शब्द, पण अंगणवाडीत आणि घरात तो अन्नाचा निर्देश करतो, दुकानात भुकटीचा. शब्दाला पहिल्या दोन संदर्भांतून मिळालेली विश्वासार्हता तिसऱ्या संदर्भात विनासायास वापरली जाते.

'ऊर्जा' आणि 'शक्ती' : द्व्यर्थी शब्दांची किमया

श्लेष हा काव्यात अलंकार असतो. व्यवहारात तो फसवणुकीचे साधनही होऊ शकतो. 'ऊर्जा' या शब्दाचे उदाहरण घ्यावे. पोषणशास्त्रात ऊर्जा म्हणजे किलोकॅलरी. वेष्टनावरील तक्त्यात 'ऊर्जा' याच अर्थाने छापलेली असते, आणि ती देण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग साखर हा आहे. लोकभाषेत मात्र ऊर्जा म्हणजे उत्साह, तरतरी, न थकता खेळण्याची क्षमता. जाहिरात दुसऱ्या अर्थाने बोलते आणि तक्ता पहिल्या अर्थाने साक्ष देतो. दोन्ही विधाने सुटी सुटी पाहिली तर खोटी नाहीत. त्यांच्या संयोगातून निघणारा अर्थ मात्र दिशाभूल करणारा आहे.

जाहिरातींची कथनरचना पाहिली तर तिच्यात एक ठरलेला साचा आढळतो. दोन मुले असतात; एक उंच, चपळ, हसरे, तर दुसरे मागे पडलेले. दोन आया असतात. एक समाधानी, दुसरी ओशाळलेली. वडील बहुधा अनुपस्थित किंवा कौतुकापुरते उपस्थित. ओशाळलेल्या आईला समाधानी आई डब्याचे नाव सांगते आणि कथा संपते. या कथेत मुलाच्या वाढीची सर्व जबाबदारी आईवर टाकलेली असते, आणि तिच्या अपराधभावनेवर उपाय म्हणून वस्तू पुढे केलेली असते. घरात पाणी कोणते येते, शाळेत जेवण काय मिळते, आईचे स्वतःचे हिमोग्लोबिन किती आहे, हे प्रश्न या कथेत येऊच शकत नाहीत. कारण त्यांची उत्तरे डब्यात नाहीत. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसते. मुलाला पेला देणारी जाहिरातीतील आई स्वतः काय जेवते, हे आजवर कोणत्या जाहिरातीने विचारले?

या दाव्यांची परीक्षा इतरत्र कशी झाली हेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमधील नेपाळी दूरचित्रवाहिनीवर दाखविल्या गेलेल्या हॉर्लिक्सच्या जाहिरातीत मुले अधिक उंच, अधिक सशक्त आणि अधिक तल्लख होतात, असा दावा होता. तेथील जाहिरात मानक प्राधिकरणाने २००८ साली या जाहिरातीला मनाई केली. कॉम्प्लानच्या जाहिरातीवरही त्याच वेळी आक्षेप मान्य झाला. याचा अर्थ अशा पेयांवर संशोधन झालेच नाही असा नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी निवासी शाळेतील मुलांना सूक्ष्म पोषकद्रव्यांनी युक्त पेय दीर्घकाळ देऊन केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला आहे, आणि त्यात मुलांच्या सूक्ष्म पोषकांच्या स्थितीत सुधारणा दिसली. परंतु लोह, जीवनसत्त्वे यांची कमतरता असलेल्या मुलांना ती द्रव्ये दिल्यास लाभ होतो, हे एक विधान. आणि अमुक कंपनीचे पेय घेतल्याने कोणतेही मूल उंच व हुशार होते, हे दुसरे विधान. जाहिरात पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. ही उडी तर्काची नव्हे, अलंकाराची आहे.

कायद्यातील फट

औषध नियम १९४५ मधील 'अनुसूची जे' ही या संदर्भात फार बोलकी आहे. कोणतेही औषध जे बरे करण्याचा दावा करू शकत नाही अशा आजारांची व अवस्थांची ही यादी. तीत मुलांची वा प्रौढांची उंची वाढविणे आणि मेंदूची क्षमता व स्मरणशक्ती वाढविणे यांचा समावेश आहे. म्हणजे जो दावा करण्यास औषधाला मनाई, तोच दावा दुधातील भुकटीने अनेक वर्षे केला. कारण ती औषध नव्हती, अन्न होती. दावा औषधाचा आणि नियमन अन्नाचे, अशी ही सोयीची स्थिती होती.

दुसरी फट वयाची आहे. बालदुग्ध पर्याय, दूधबाटल्या व बालान्न यांसंबंधीचा १९९२ चा कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या अशा अन्नाच्या जाहिरातीस पूर्ण मनाई करतो. स्तनपानाचे रक्षण करणारा हा कायदा निश्चितच मोलाचा आहे. परंतु मुलाचा दुसरा वाढदिवस झाला की त्याची आई कायद्याच्या या संरक्षणातून बाहेर येते, आणि तिच्यासाठी रचलेल्या कथांचा ओघ सुरू होतो.

अलीकडच्या काळात काही सुधारणा झाल्या आहेत. आरोग्यपूरके व तत्सम पदार्थांविषयीचे २०१६ चे नियम अशा उत्पादनांवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे बंधनकारक करतात, आणि जाहिराती व दावे यांविषयीचे स्वतंत्र नियम २०१८ साली झाले. तरीही सूचना बारीक अक्षरांत आणि आश्वासन मोठ्या अक्षरांत, हा वेष्टनाचा अलिखित संकेत कायम आहे. प्रौढ साक्षरता म्हणजे आता बारीक अक्षरे वाचता येणे, असे म्हणावयास हरकत नाही.

आकड्यांचे वाचन

वेष्टनावरील आकडे खरे असतात. ते कसे वाचावयाचे हे मात्र शिकावे लागते. बोर्नव्हिटाच्या शंभर ग्रॅममध्ये घातलेल्या साखरेचे प्रमाण पूर्वी सुमारे ३७ ग्रॅम होते. वादानंतर ते सुमारे ३२ ग्रॅमपर्यंत उतरविण्यात आले. वीस ग्रॅमच्या एका मात्रेत सुमारे साडेसहा ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या दोन पेल्यांत सुमारे तेरा ग्रॅम साखर होते. घरात वरून एक चमचा घातला जातो तो निराळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार मुक्त साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि पाच टक्क्यांखाली असल्यास अधिक हितकर. दिवसाला सतराशे किलोकॅलरी लागणाऱ्या मुलासाठी पाच टक्के म्हणजे सुमारे एकवीस ग्रॅम. त्यांपैकी निम्म्याहून अधिक वाटा 'पौष्टिक' म्हणून दिलेल्या दोन पेल्यांतच संपतो. बिस्किटे आणि चहा अद्याप यावयाचे असतात.

प्रथिनांचा हिशेब अधिक बोधप्रद आहे. सर्वसाधारण माल्टयुक्त भुकटीत शंभर ग्रॅममागे सात ते अकरा ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे वीस ग्रॅमच्या मात्रेतून दीड-दोन ग्रॅम. ज्या दुधात ती घालावयाची त्या दोनशे मिलिलिटर दुधात मात्र सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात. पेला पौष्टिक असतो तो मुख्यतः दुधामुळे. श्रेय मात्र भुकटीला मिळते. गोष्टीतल्या दगडाच्या सुपासारखाच हा प्रकार आहे : चव भाज्यांची, नाव दगडाचे.

तरुणांच्या प्रथिन-भुकट्यांनाही हीच कसोटी लावावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाची प्रथिनांची दैनिक गरज प्रतिकिलो वजनास ०.८३ ग्रॅम, म्हणजे पासष्ट किलो वजनाच्या पुरुषास सुमारे चोपन्न ग्रॅम आहे. आता मराठवाड्याचे ताट पाहू. दिवसभराच्या भाकरींची अडीचशे ग्रॅम ज्वारी सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने देते; साठ ग्रॅम तुरीची डाळ तेरा, चटणी-कुटातील तीस ग्रॅम शेंगदाणे सात आणि पाव लिटर दूध आठ ग्रॅम. बेरीज त्रेपन्न होते. ज्वारीत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते. ती उणीव डाळ भरून काढते. खरे पूरक हेच. कठोर व्यायाम करणाऱ्याची गरज यापेक्षा अधिक असते हे मान्य. पण ती अंडी, उसळी, दही, भाजलेले फुटाणे यांतून भागविता येते. याच संस्थांच्या मे २०२४ मधील आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनीही प्रथिन-भुकट्यांचा वापर टाळण्याचा सल्ला दिला असून त्यांत घातलेली साखर, कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ व इतर द्रव्ये असू शकतात याकडे लक्ष वेधले आहे.

अडचण येथे आहे की, वरील ताटातील डाळ आणि दूध हेच पदार्थ गरीब विद्यार्थ्याच्या खानावळीतून आधी कमी होतात. वरण पातळ होत जाते आणि डब्यासाठी पैसे साठविले जातात. पाहावयाची तुलना भुकटी आणि शून्य यांची नसून भुकटी आणि तेवढ्याच पैशांत येणारी डाळ, शेंगदाणे, अंडी यांची आहे.

माल्ट आणि सत्त्व

माल्ट हा शब्द परका असला तरी प्रक्रिया परकी नाही. धान्य भिजवून मोड आणावयाचे, वाळवून भाजावयाचे आणि दळावयाचे. मोड येताना तयार होणारी अमायलेज विकरे पिष्टाचे विघटन करतात आणि पेज पातळ राहूनही तिच्यात अधिक धान्य मावते. लहान बाळाचे पोट लहान, म्हणून हा गुण मोलाचा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी मोड आणलेल्या धान्याच्या अशा पिठावर दीर्घ संशोधन केले आहे. कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात नाचणीचे सत्त्व याच ज्ञानातून आले. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधाच्या तिप्पट. मराठवाडा हा ज्वारी-बाजरीचा प्रदेश. येथे ज्वारीची आंबील, कण्या, घुगऱ्या, शेंगदाण्याचे लाडू ही परंपरा आहे.

तथापि परंपरेचे भाबडे गौरवीकरणही टाळले पाहिजे. आंबिलीत लोह आहे म्हणून रक्तक्षय हटेल असे नाही, आणि सत्त्वात ब-१२ जीवनसत्त्व नाही. घरगुती वस्तूंनाही आता 'सुपरफूड' म्हणून आकर्षक पुड्यांत भरून चढ्या भावाने विकले जाते. तेव्हा तीही याच भाषेच्या आहारी जातात. चिकित्सा भाषेची करावयाची असेल तर ती दोन्ही बाजूंनी केली पाहिजे.

मराठवाड्याचा अनुभव

या प्रश्नावर आपल्याच शहराने देशाला एक उत्तर दिले आहे, याचे स्मरण अस्थानी ठरणार नाही. औरंगाबाद जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनंतर २००२ साली तत्कालीन विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने विभागात बालकांचे नियमित वजन, श्रेणीनिश्चिती आणि अंगणवाडी व आरोग्य यंत्रणेचा समन्वय यांवर भर देणारी मोहीम सुरू झाली. तिच्यातूनच २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले आणि त्याचे मुख्यालय औरंगाबादेतच होते. गर्भधारणेपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे एक हजार दिवस, पहिले सहा महिने केवळ स्तनपान, त्यानंतर वेळेवर घरचा मऊ आहार, लसीकरण आणि आजारपणात उपचार, ही तिची सूत्रे होती. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालील बालकांच्या खुजेपणात लक्षणीय घट आढळली. या यशाचे श्रेय एकट्या मिशनला देता येणार नाही. परंतु या सूत्रांत एकही डबा नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

झारखंडमधील क्षयरोगाविषयीचा अभ्यासही हेच सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकांच्या गोळ्या देण्यात आल्या. त्यांच्यातील क्षयाचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी, आणि संसर्गजन्य प्रकारचे सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. शिधा हेच येथे औषध ठरले.

याउलट धोरणाची दिशा कधी कधी विपरीत जाते. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे किंवा केळे देण्यास प्रारंभ झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा स्वतंत्र निधी थांबविण्यात आला. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात, म्हणजे भुकटीच्या तीन मात्रांहून अधिक. सार्वजनिक ताटातून अंडे निघते आणि खासगी बाजारातून डबा घरात येतो, या दोन घटना वेगळ्या दिसल्या तरी एकाच प्रवासाच्या दोन बाजू आहेत. जे अन्न हक्क म्हणून मिळावयाचे ते वस्तू म्हणून विकत घ्यावे लागते.

योग्य उपयोगाची मर्यादा

वरील विवेचनावरून अशी पेये सर्वथा त्याज्य आहेत असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, कर्करोगाच्या उपचारांत, वार्धक्यातील भूकमंदीत, गिळण्याच्या त्रासात किंवा वजन झपाट्याने उतरत असताना कमी आकारमानात अधिक पोषण देणारे पेय अतिशय उपयुक्त असते. मात्र तेथे उणीव मोजलेली असते, मात्रा ठरलेली असते, मुदत सांगितलेली असते, आणि वैद्य वा आहारतज्ज्ञ उत्तरदायी असतो. मधुमेही व्यक्तीस साखरयुक्त भुकटी, किंवा मूत्रपिंडाच्या विकारात सल्ल्याविना प्रथिनांची भुकटी अपायकारक ठरू शकते. साधे दूध मुळीच न पिणारे मूल थोड्या भुकटीच्या आधाराने दूध घेत असेल, तर तो तात्पुरता सेतू म्हणून क्षम्य आहे. मात्र सेतूवर घर बांधू नये.

निष्कर्ष

१. 'आरोग्यपेय' ही संज्ञा शास्त्राने वा कायद्याने दिलेली नसून बाजाराने घडविलेली होती. २०२४ साली ती मागे घेतली गेल्याने वस्तूत काहीही बदल झाला नाही, यातच तिचे स्वरूप स्पष्ट होते.

२. या पेयांची जाहिरातभाषा 'ऊर्जा', 'शक्ती', 'पूरक' अशा शब्दांच्या अनेकार्थतेवर आणि आईच्या अपराधभावनेवर उभी आहे.

३. सर्वसामान्य निरोगी मुलास वा तरुणास लागणारे पोषण भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी, भाज्या यांतून मिळू शकते. खरी समस्या हे अन्न परवडण्याची व उपलब्धतेची आहे.

४. पूरक पेयास आहारात स्थान आहे. परंतु मोजलेल्या उणिवेसाठी, ठराविक मुदतीसाठी आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

५. वेष्टनावरील मजकुराचे वाचन हा भाषा-अभ्यासक्रमातील उपयोजित घटक व्हावा. पदवीच्या वर्गात जाहिरातलेखन शिकविले जाते. जाहिरात-वाचनही शिकविले जावे. मराठी, गृहविज्ञान, वाणिज्य व क्रीडा या विभागांनी मिळून एक तासिका वसतिगृहाच्या खानावळीतील ताटाच्या हिशेबासाठी दिली, तरी त्याचा विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष उपयोग होईल.

आपल्या विद्यार्थ्याच्या ताटात वरण घट्ट आहे की पातळ, हा प्रश्न आरोग्याचा तसाच शिक्षणाचाही आहे. तो विचारण्यास प्राध्यापकाला कोणत्याही विषयाची पदवी आड येण्याचे कारण नाही.